श्रावणातली फरशी: लक्ष्मीपुरीतील एका तळघराच्या ओलीचे प्रकरण

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजूला, जयंती नाल्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका दुमजली इमारतीच्या तळघराची ही हकीकत आहे. इमारत सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची. वर राहते घर, रस्त्याच्या पातळीला चपलांचे दुकान आणि खाली मालाचे कोठार अशी तिची मांडणी आहे. तळघर वीस फूट रुंद आणि बत्तीस फूट लांब असून त्याची जमीन रस्त्यापेक्षा सुमारे सहा फूट खाली आहे. भिंती काळ्या दगडाच्या आणि आतून सिमेंटचा गिलावा केलेल्या आहेत. जमिनीला दगडी सोलिंगवर, म्हणजे खाली रचलेल्या दगडांच्या थरावर, चार इंच काँक्रीट आणि वरून सिमेंट घोटलेला कोबा आहे. काँक्रीटच्या खाली ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद घातलेला नाही. त्या काळात तो घालण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रुजलेली नव्हती, आणि या प्रकरणातील निम्म्याहून अधिक त्रास त्या एका न घातलेल्या कागदापाशी येऊन थांबतो.

तक्रार साधी होती. पावसाळ्यात जमीन ओली होते, कुबट वास सुटतो, आणि खालच्या थरातल्या खोक्यांमधील चपलांच्या चामड्यावर हिरवट बुरशी धरते. मालकांनी त्यावर एक उपाय आधीच करून पाहिला होता. ओळखीच्या रंगाऱ्याकडून त्यांनी जमिनीला लालसर ऑइल पेंट लावून घेतला होता. लक्ष्मीपूजनाला कोठार साफ करायला गेलेल्या माणसांच्या पायांना तो रंग चिकटू लागला. यात रंगाच्या प्रतीचा दोष नव्हता. काँक्रीट हे मुळात अल्कधर्मी असते, ओले असताना त्यातील चुन्याचा अंश पाण्याबरोबर वर येतो आणि तेलावर आधारलेल्या रंगातील तेलाशी त्याची अभिक्रिया होऊन अक्षरशः साबण तयार होतो. ओलसर काँक्रीटवर ऑइल पेंट लावणे म्हणजे पहिल्या पावसापर्यंतची सोय आहे, इतकेच म्हणता येईल.

एक मर्यादा सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात रस्त्यावरूनच पाणी आत शिरून हे तळघर भरले होते. रस्त्यावर पाणी आल्यावर कोणताही रंग, कोणतेही रसायन कामाला येत नाही, आणि या लेखाचा तो विषयही नाही. पुढील सर्व विवेचन रस्ता कोरडा असतानाही तळघर ओले होणाऱ्या नेहमीच्या पावसाळ्याचे आहे.

मे महिन्यातील तपासणी

मला बोलावणे आले ते २०२२ च्या मे महिन्यात. जुना रंग तोवर खरवडून काढलेला होता आणि मालकांची इच्छा जमिनीला इपॉक्सी, म्हणजे कडक होऊन वाफही बाहेर जाऊ न देणारा चकचकीत रंग, लावण्याची होती. मी रीतसर तपासणी केली. दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद असे पारदर्शक प्लास्टिकचे चार तुकडे चार ठिकाणी जमिनीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद केले. या चाचणीसाठी किमान सोळा तासांची मुदत सांगितलेली असते, मी पूर्ण दिवस आणि रात्र ते तसेच राहू दिले. दुसऱ्या दिवशी कागद उचलले तेव्हा आतल्या बाजूला दवाचा एक थेंबही नव्हता आणि खालच्या काँक्रीटचा रंगही गडद झालेला नव्हता. जमीन कोरडी आहे, इपॉक्सी लावण्यास हरकत नाही, असे मी लिहून दिले.

त्या वेळी मालकांचे वडील जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेले होते. घरातली आणि गल्लीतलीही सगळी माणसे त्यांना आबा म्हणतात. ते मला म्हणाले, “मे महिन्यात कोरडंच असतंय की ओ साहेब. श्रावणात या, मग बघा.” मी हसून मान हलवली आणि कागद गुंडाळले. चाचणीत चूक नव्हती. ती ज्या दिवशी केली त्या दिवसापुरते उत्तर तिने बरोबर दिले होते, आणि ते उत्तर बारा महिन्यांसाठी धरून चालण्याची चूक माझी होती. वैशाखात या भागातील जमिनीतले पाणी कितीतरी खाली गेलेले असते, कोब्याचा वरचा थर उन्हाळी हवेने वाळलेला असतो, आणि प्लास्टिकखाली जमायला ओलच शिल्लक नसते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात इपॉक्सीचे काम झाले. प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन हात मारले गेले. राखाडी रंगाची ती जमीन आरशासारखी दिसत होती, आणि मालकांनी दुकानात येणाऱ्या पाहुण्यांना ती खाली नेऊन दाखवली, हेही इथे नोंदवतो.

फोड

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला. जमिनीवर फोड आले होते, काही रुपयाच्या नाण्याएवढे, तर जिन्याजवळचे दोन जेवणाच्या ताटाएवढे. पाय ठेवला की ते दबत आणि पाय काढला की पुन्हा फुगत. मी त्यातील एका मोठ्या फोडाला सुईने टोचले, तर आतून पिवळसर पाण्याची बारीक चिळकांडी उडून हातावर आली. ते पाणी दोन बोटांत चोळले असता निरम्याच्या पाण्यासारखे बुळबुळीत लागले. पीएच तपासण्याची कागदी पट्टी त्यात बुडवताच गडद निळी झाली, म्हणजे पीएच बाराच्या आसपास, पाणी तीव्र अल्कधर्मी होते. फोडाची साल ब्लेडने कापून उलटी केली तेव्हा तिच्या पाठीला कोब्याचा पातळ पापुद्रा चिकटलेला होता. इपॉक्सीची पकड सुटलेली नव्हती. तिने कोब्याचा वरचा थरच आपल्याबरोबर उचलला होता.

या खुणांचा अर्थ असा होतो. जमिनीतली ओल काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि येताना विरघळलेले क्षार घेऊन येते. पूर्वी ही ओल वरच्या पृष्ठभागावरून हवेत उडून जात असे आणि मागे पांढरा लोणा ठेवत असे. इपॉक्सीने ती वाट बंद केली. ओल थरापाशी अडली, क्षार तिथेच साचत गेले, आणि त्या खारट पाण्याने खालून आणखी पाणी ओढून घेण्यास सुरुवात केली. दाब वाढत गेला आणि जिथे कोबा अशक्त होता तिथे फोड आला. आतल्या बाजूने लावलेला कोणताही रंग अशा वेळी चुकीच्या बाजूला असतो. टाकीला आतून लावलेला लेप पाण्याच्या दाबाने भिंतीवर आवळला जातो, तर तळघराला आतून लावलेला लेप पाण्याच्या दाबाने भिंतीपासून आणि जमिनीपासून ढकलला जातो. हा फरक सांगायला सोपा आहे, पण रंगाच्या डब्यावर तो लिहिलेला नसतो.

इथे ओलीच्या प्रमाणाचा थोडा हिशेब उपयोगी पडेल. जमिनीवर लावायच्या बहुतेक रंगांसाठी एक हजार चौरस फुटांमागे चोवीस तासांत तीन पौंड वाफ ही नेहमीची मर्यादा धरली जाते, आणि ती कॅल्शियम क्लोराइड या ओल शोषणाऱ्या क्षाराच्या वाटीने मोजतात. तीन पौंड म्हणजे एक किलो तीनशे साठ ग्रॅम. या तळघराचे क्षेत्रफळ सहाशे चाळीस चौरस फूट आहे, म्हणजे चालण्याजोग्या मर्यादेतही दररोज पाऊण लिटरहून थोडे अधिक पाणी जमिनीतून न दिसता वर येणार आणि हवेत जाणार. श्रावणात या जमिनीतून येणारी ओल त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेली असणार, हे फोडांकडे पाहूनच कळत होते.

ओल कुठली?

त्यानंतर मी जे केले ते खरे तर मे महिन्यापूर्वीच व्हायला हवे होते, म्हणजे एक संपूर्ण पावसाळा काहीही न लावता नुसते निरीक्षण. मालकांना हे पटवणे कठीण गेले. “अजून तीन महिने नुसतं बघायचं?” असे त्यांनी विचारले. आबांनी मात्र माझी बाजू घेतली. आपल्या अंदाजाला मान मिळाला याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

तळघरात येणारे पाणी तीन वाटांनी येऊ शकते. पहिली वाट हवेची. बाहेरची दमट हवा थंड जमिनीला टेकली की तिच्यातले पाणी जमिनीवर दवासारखे उतरते, ज्याला लोक “फरशीला घाम फुटला” असे म्हणतात. दुसरी वाट बाजूची, म्हणजे गच्चीचे, रस्त्याचे किंवा फुटक्या नळाचे पाणी भिंतीच्या कडेने झिरपून आत येणे. तिसरी वाट खालची, म्हणजे जमिनीतल्या पाण्याची पातळीच वर चढणे. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. एकीचा इलाज दुसरीवर केल्यास पैसा जातो आणि ओल राहते.

हवेची वाट तपासण्यासाठी साधा तापमापक आणि आर्द्रतामापक पुरेसा झाला. जुलैच्या एका दुपारी जिन्यातील हवा २७ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के होती. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातले पाणी दव होऊन उतरू लागते तो अंश, जवळजवळ २५ अंशांवर असतो. जमिनीचे तापमान साडेचोवीस अंश भरले. म्हणजे त्या दुपारी जमिनीला घाम फुटणारच होता, आणि तो घालवण्यासाठी मालक जिन्याचे दार आणि झरोके सताड उघडे ठेवत होते. “हवा खेळती ठेवा” हा आपल्याकडचा सल्ला हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात योग्यच आहे, परंतु कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणात बाहेरची हवा आत घेणे म्हणजे तळघराला पाणी पुरवणे होय. दार बंद ठेवून आर्द्रता शोषणारे यंत्र चालवल्यावर वरचा घाम दोन दिवसांत गेला. फोडांतले पाणी मात्र तसेच राहिले, म्हणून हे एकमेव कारण नव्हते हे सिद्ध झाले.

बाजूची वाट पूर्वेकडील कोपऱ्यात सापडली. गच्चीचे पाणी खाली आणणारा पाइप जमिनीपासून हातभर वर संपत होता आणि त्याचे पाणी भिंतीलगतच्या मातीत पडत होते. पावसाने उघडीप दिलेल्या एका दिवशी आम्ही त्या जागी नळी लावून दोन तास पाणी सोडले. तिसऱ्या तासाला आतल्या कोपऱ्यात, भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात, ओल्या कोब्याचा गडद पट्टा उमटू लागला. पाइपाला दोन वाकण बसवून पाणी थेट गटारात सोडले आणि भिंतीलगत बाहेर उतार देऊन काँक्रीटची पट्टी केली. हे काम अर्ध्या दिवसाचे होते. संपूर्ण प्रकरणात यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा फळ देणारे दुसरे काम नव्हते.

खड्ड्यातले पाणी

तिसरी वाट तपासण्यासाठी जिन्याखालच्या कोपऱ्यात फूटभर चौकोनात काँक्रीट तोडून दोन हात खोल खड्डा घेतला. मिस्त्रींना आधी सोलिंग लागले, पण दगडांमधल्या पोकळ्या मातीने गच्च भरलेल्या होत्या. सोलिंगमधली पोकळी शाबूत असती तर ओल तिथेच तुटली असती, मातीने भरल्यावर ते वातीसारखे काम करू लागले होते. त्याखाली थोडा मुरूम आणि मग नाल्याकाठची काळी चिकण माती लागली. अशा बारीक कणांच्या मातीत पाणी केशाकर्षणाने, म्हणजे वातीत तेल चढते तसे, स्वतःच्या पातळीच्या बरेच वर चढते. म्हणून पाण्याची प्रत्यक्ष पातळी दोन हात खाली असतानाही वरचे काँक्रीट ओलसर राहू शकते.

खड्ड्यात बांबूची एक काठी उभी करून तिच्यावर बोटा-बोटाच्या खुणा केल्या. रोज सकाळी दुकान उघडताना मालकांचा मुलगा पाण्याची उंची दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहू लागला. त्याच चौकोनात, माझ्या सांगण्यावरून, तो कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची त्या दिवशीची पातळीही लिहीत असे. पावसाळ्यात हा आकडा शहरात सर्वांच्या तोंडी असतो. एकोणचाळीस फूट ही इशारा पातळी आणि त्रेचाळीस फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. एरवी पुराच्या भीतीने पाहिला जाणारा हा आकडा तळघराच्या निदानासाठी इतका उपयोगी पडेल, असे मला आधी वाटले नव्हते.

दिनदर्शिकेवरून दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली अशी की शहरात झालेल्या पावसाचा खड्ड्यातल्या पाण्याशी थेट संबंध नव्हता. दोन दिवस स्वच्छ ऊन पडलेले असतानाही खड्ड्यातले पाणी चढत होते. कारण पंचगंगेला पाणी येते ते कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांच्या पश्चिमेकडील खोऱ्यांतून. शहरात उघडीप असली तरी तिकडे पाऊस चालू असतो, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले असतात, नदी फुगलेली असते आणि तिच्या फुगवट्याने नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही. नाला तुंबला की काठच्या जमिनीतल्या पाण्यालाही उतार मिळत नाही. दुसरी गोष्ट अशी की नदी चढल्यानंतर खड्डा लगेच भरत नसे, त्याला दीड-दोन दिवस लागत, आणि नदी उतरल्यावरही तो तितकाच उशिरा उतरत असे. चिकण मातीतून पाणी सावकाश सरकते, हे त्याचे कारण आहे. नदी इशारा पातळीच्या वर राहिली त्या दिवसांत खड्ड्यातले पाणी जमिनीच्या खाली अवघी चार बोटे येऊन थांबले, म्हणजे काँक्रीटच्या थराच्या तळाला ते प्रत्यक्ष टेकले होते.

इथे निर्णयाचा प्रश्न आला. मालकांच्या एका स्नेह्यांनी सुचवले की आतून चांगला जाड जलरोधक थर देऊन तळघर टाकीसारखे पूर्ण बंद करावे. हा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, आणि जमीन मुळातच त्यासाठी जाड व सळईयुक्त बांधलेली असेल तर तो योग्यही आहे. इथे मात्र चार इंचांचे बिनसळईचे काँक्रीट होते. त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे दोनशे चाळीस किलो भरते. पाणी काँक्रीटच्या तळापासून पंचवीस सेंटिमीटर चढले की खालून वर ढकलणारा जोर या वजनाच्या बरोबरीला येतो. एखाद्या वर्षी बाहेरचे पाणी तळघराच्या जमिनीच्या पातळीवर दीड फूट चढले, तर संपूर्ण जमिनीवर खालून सुमारे तेहतीस टनांचा जोर येईल आणि तो पेलायला जमिनीचे स्वतःचे वजन चौदा टनांच्या आसपास असेल. चांगली बंद केलेली जमीन अशा वेळी मधोमध उचलली जाऊन फुटते. म्हणजे गळणारी जमीन बंद करण्याच्या नादात धोका कमी न होता वाढला असता. पाण्याला अडवण्याआधी त्याला जायला वाट देणे भाग होते.

काम

काम दिवाळीनंतर, खड्ड्यातले पाणी दोन हातांच्या खाली गेल्यावर सुरू केले. आधी इपॉक्सी काढण्यात आली. ॲसिडने धुण्याचा सल्ला कोणीतरी दिलाच, पण ॲसिड इपॉक्सीला काही करत नाही, आणि धुण्यासाठी ओतलेले पाणी जमीन पिऊन घेते. त्यामुळे हिऱ्याची चकती लावलेल्या ग्राइंडरने, धूळ ओढणारे यंत्र जोडून, संपूर्ण जमीन घासून घेतली. घासल्यावर जागोजाग पाण्याचा थेंब टाकून पाहिला. थेंब मण्यासारखा उभा राहिला तिथे अजून रंगाचा अंश आहे आणि थेंब मुरला तिथे काँक्रीट मोकळे झाले आहे, ही खूण पुरेशी विश्वासार्ह आहे.

त्यानंतर भिंतींच्या कडेने आतून फूटभर रुंदीची पट्टी तोडून चर घेतला. चर पायाच्या तळापेक्षा खोल जाणार नाही, याकडे मी स्वतः उभा राहून लक्ष दिले, कारण पायाखालची माती मोकळी करून तळघर कोरडे करण्यात शहाणपण नाही. चरात जिओटेक्स्टाइलचे, म्हणजे पाणी जाऊ देऊन माती अडवणारे, कापड अंथरून त्यावर वीस मिलिमीटरची खडी, खडीत छिद्रे पाडलेला पाइप, आणि वरून पुन्हा कापडाची घडी अशी रचना केली. कापड नसेल तर पंप पाण्याबरोबर बारीक मातीही ओढत राहतो आणि काही वर्षांत जमिनीखाली पोकळी होते. सर्व पाइप जिन्याखालच्या खड्ड्यात आणले. तो खड्डा आता दोन फूट चौरस आणि तीन फूट खोल केला, त्यात पाणी ठरावीक उंचीला आले की आपोआप सुरू होणारा पंप बसवला आणि बाहेर जाणाऱ्या पाइपावर पाणी उलटे येऊ नये म्हणून झडप लावली. नाला तुंबलेला असताना गटारही भरलेले असते. म्हणून बाहेरचे तोंड रस्त्याच्या पातळीच्या वर काढले.

चर काँक्रीटने बंद केल्यावर भेगा आणि सांधे घेतले. प्रत्येक भेग इंचभर खोल आणि उभ्या कडांची कापून, काही मिनिटांत घट्ट होणाऱ्या प्लग सिमेंटने भरली. भिंत आणि जमीन यांच्या सांध्यावर पॉलिमर मिसळलेल्या मालाचा गोल वाटा मारला, म्हणजे कोपरा गोलसर भरून घेतला. गच्चीवर वाटा मारण्यात आपल्या गवंड्यांचा हात बसलेला असतो, तळघरात मात्र तो कोणी मारत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

जमिनीला रंगाआधी स्फटिक तयार करणाऱ्या सिमेंटी लेपाचे दोन हात दिले. या लेपातील रसायने ओलीबरोबर काँक्रीटच्या छिद्रांत शिरतात आणि तिथल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून न विरघळणारे स्फटिक बनवतात. लेप पृष्ठभागावर नुसता बसत नाही, तो काँक्रीटचा भाग होतो, म्हणून आतल्या बाजूने लावला तरी सोलून निघत नाही. त्याला कोरडी जमीन चालत नाही. जमीन आधी भिजवून, वर साचलेले पाणी पुसून, ओलसर अवस्थेत तो ब्रशने रगडून लावावा लागतो आणि पुढे तीन दिवस पाण्याची फवारणी करावी लागते. इपॉक्सीसाठी जमीन वाळवण्यात महिने घालवलेल्या मालकांना, आता तीच जमीन मुद्दाम भिजवताना पाहून गंमत वाटली. बाजारात याच कामासाठी सिलिकेटचे पातळ द्रावणही सुचवले जाते. ते कोबा कठीण करते आणि त्याची धूळ उडणे थांबवते, पण खालून दाब असलेल्या पाण्यापुढे त्याचा निभाव लागत नाही.

लेपानंतर चार आठवडे जमीन तशीच ठेवली. मग काँक्रीटच्या जाडीच्या चाळीस टक्के खोलीवर छिद्रे पाडून त्यांत आर्द्रता मोजणाऱ्या सळ्या बसवल्या, आणि एक दिवस थांबून वाचन घेतले. ते पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर होते. खाली प्लास्टिक नसलेले काँक्रीट मातीवर बसलेले असते, त्याच्या पोटातली ओल कधीच पूर्ण जात नाही, हे मान्य करूनच पुढचा रंग निवडायचा होता. म्हणून चकचकीत इपॉक्सीचा विचार सोडून दिला आणि वाफ बाहेर जाऊ देणारा, पाण्यावर आधारित ॲक्रिलिक फ्लोअर पेंट घेतला. त्याचा पहिला हात पातळ करून आणि दुसरा जसाच्या तसा मारला. दोन्ही वेळा जमिनीचे तापमान दवबिंदूच्या किमान तीन अंश वर असल्याची खात्री करून घेतली. ॲक्रिलिक रंग इपॉक्सीइतका टणक नसतो, जड सामान ओढले की ओरखडतो, हे मालकांना आधीच सांगितले होते. इथे जड यंत्रे नाहीत, खोकीच आहेत, त्यामुळे तो सौदा परवडणारा होता. खोकी जमिनीपासून सहा इंच आणि भिंतीपासून चार इंच दूर, लोखंडी मांडणीवर ठेवायची, एवढी अट मात्र मी घातली. एकूण खर्चात सर्वात मोठा वाटा चर आणि पंपाचा होता, तर सर्वात लहान रंगाचा.

पुढचे दोन पावसाळे

पहिल्या पावसाळ्यात एकही फोड आला नाही. चामड्याला बुरशी लागली नाही आणि कुबट वास जवळजवळ गेला. पावसाळाभर दार बंद आणि आर्द्रता शोषणारे यंत्र चालू, ही शिस्त मालकांनी पाळली. एका रात्री वादळात वीज गेली आणि पाच तास पंप बंद राहिला. सकाळी पश्चिमेच्या भिंतीलगत वाट्याच्या खालून पाण्याची बारीक रेघ निघालेली होती. वीज आल्यावर तासाभरात ती आटली, आणि त्या आठवड्यातच पंपाला स्वतंत्र इन्व्हर्टर जोडला गेला. रस्त्यावरच पुराचे पाणी आले तर पंप बंद करायचा आणि तळघरात पाणी शिरू द्यायचे, कारण आत-बाहेर पाणी सारखे झाले की जमिनीवरचा दाब उरत नाही. ही सूचना मी लिहून जिन्याच्या भिंतीवर लावून ठेवली आहे. ती वाचून मालकांच्या घरातल्या वहिनींनी “मग एवढं सगळं केलं कशाला?” असे विचारले, आणि त्यांना हा हिशेब समजावून सांगायला मला बराच वेळ लागला.

दुसऱ्या पावसाळ्यात जिन्याच्या शेवटच्या पायरीशी तळहाताएवढ्या जागेत रंगाला पोपडे आले. तिथे खाली पांढरा लोणा दिसला. खरवडून, ताठ ब्रशने कोरडे घासून, मार्गशीर्षात त्या जागी रंगाचे दोन हात पुन्हा दिले. वाफ जाऊ देणाऱ्या रंगाची दुरुस्ती अशीच, तुकड्या-तुकड्याने आणि हाताने करता येते. इपॉक्सीला ती सवलत नाही. ये-जा करण्याच्या वाटेवर रंग झिजून फिका पडला आहे, आणि दर तीन-चार वर्षांनी त्या पट्ट्यावर एक हात द्यावा लागेल असे दिसते.

पंपाच्या खड्ड्याशेजारी फूटभर चौरस जागा मी मुद्दाम रंगाविना, नुसत्या लेपावर, उघडी ठेवली आहे. श्रावण लागला की तिच्यावर मिठासारखी बारीक पांढरी भुकटी धरते. मालकांचा मुलगा ती केरसुणीने झाडतो, काठीवरची खूण पाहतो आणि दिनदर्शिकेच्या चौकोनात राजाराम बंधाऱ्याच्या आकड्याशेजारी ती लिहून ठेवतो.